कॅनडावालीपासून एक चौक वर

१

सकाळी साडेसहाला दार उघडून मार्गो पेल्टिये आधी उंबऱ्याबाहेरची मेलेली चिलटे झाडून काढत असे. तळ्यावरून थव्यांनी येणारी ही पांढुरकी चिलटे दिव्याखाली मरून पडत आणि झाडूखाली त्यांचा ओल्या भुशासारखा आवाज होई. ते काम उरकले की ती समोरच्या तोमासाबाईंच्या, इथल्या भाषेत दोन्या तोमासाच्या, खिडकीशी जाई. तोमासाचे दुकान म्हणजे तिच्याच घराची पुढची खोली होती. गजांच्या आतून ती साबण, मेणबत्त्या, ताजे दाबलेले चीज आणि अख्ख्या सान तादेओ गावाच्या बातम्या पुरवत असे.

त्या मंगळवारी तोमासा फोन खांद्याशी दाबून चीज कापत होती.

"अहो, किती वेळा सांगू? कॅनडावालीपासून एक चौक वर. हिरवं फाटक. हां, तीच कॅनडावाली. सिलिंडर रिकामं न्यायला विसरू नका." फोन ठेवून तिने सुरी पुसली. "बोला माझ्या राणी, भाकऱ्या किती? चार? तुमच्या त्या गुडघ्याला पण एखादी चारा, जरा चालेल तरी."

मार्गो हसली. मात्र तिच्या मनात दुसरेच काही चालले होते. सान तादेओत रस्त्यांना नावे नव्हती आणि घरांना क्रमांक नव्हते. पत्ता सांगायचा तो एखाद्या ओळखीच्या खुणेपासून: इतके चौक वर, म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, इतके खाली, म्हणजे मावळतो तिकडे, किंवा इतके वार तळ्याकडे. या कोपऱ्यावरचे सगळे पत्ते आजवर एका जुन्या मनोऱ्यापासून मोजले जात. आज प्रथमच ते तिच्यापासून मोजले गेले होते.

एकतीस वर्षे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एका टपाल-वर्गवारी केंद्रात इतरांचे पत्ते वाचून निवृत्त झालेल्या बाईला याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. सहा वर्षांपूर्वी तिथले घर विकून ती इथे आली, तेव्हा तिची एकच इच्छा होती. कुठल्या तरी गावाने आपल्याला आपले म्हणावे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर थंडीच्या त्या देशात तिला कुणी तसे म्हटले नव्हते. दुपारी तिने मुलीला फोन केला.

"मिरेय, आज मी पत्ता झाले!"

"काय झालीस?"

मार्गोने समजावून सांगितले. पलीकडे मिरेयने सुस्कारा सोडला. "छान. पण आई, तू परत कधी येतेस ते सांग."

"येत नाही," मार्गो म्हणाली. "आता तर मुळीच नाही."

२

संध्याकाळी ऊन उतरले की गावातली माणसे झुलत्या खुर्च्या फुटपाथवर काढत. डावीकडच्या घरातले डॉन, म्हणजे श्रीयुत, एवेलियो निवृत्त शिक्षक होते. मार्गोने त्यांच्याकडून स्पॅनिश क्रियापदे शिकली होती, आणि मोबदला म्हणून त्यांनी तिच्याकडून बर्फ म्हणजे नेमके काय ते ऐकून घेतले होते. दोघांच्या खुर्च्या एका लयीत करकरत.

"डॉन एवेलियो, एक बातमी आहे. आपल्या कोपऱ्याचा पत्ता आता माझ्यावरून सांगतात. कॅनडावालीपासून एक चौक वर!"

त्यांची खुर्ची थांबली. एकट्या तिच्या खुर्चीचा आवाज काही क्षण चालू राहिला.

"कोण म्हणालं?"

"तोमासा. फोनवर."

"हं." त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, आतून पाहिली आणि परत ठेवली. "तुम्ही कुठं जायचं ठरवलंय का?"

"नाही तर."

"तब्येत?"

"गुडघा सोडला तर घोड्यासारखी. का हो?"

त्यांनी टोपीची कड बोटांनी चाचपली. मार्गोने पुन्हा विचारले, तेव्हा वर्गात अवघड धडा टाळू पाहणाऱ्या मास्तरांसारखे ते चाचरत म्हणाले, "तुम्ही मनोरा पाहिलात?"

"कसा पाहणार? भूकंपात पडला ना तो? तुम्हीच सांगितलंत."

"बरोबर. सिनेमा पाहिलात? तुर्काचं कापडदुकान? जुनी सेईबा?"

मार्गोने यांतले काहीच पाहिले नव्हते. सिनेमा जळाला होता. तुर्काच्या दुकानाच्या जागी टायरवाला बसत होता. सेईबाचे झाड वीज पडून गेले होते.

"आमच्याकडं उभ्या वस्तूवरून पत्ता सांगत नाहीत, दोन्या मार्गो. उभी वस्तू उद्या पडेल, रंग बदलेल, विकली जाईल. मग पत्ता चुकतो. गेलेली वस्तू आता कुठं जाणार? ती जिथल्या तिथं राहते." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आज चिलटं फार आहेत. मी आत जातो."

त्या संध्याकाळी चिलटे नव्हती.

३

मार्गो अंधश्रद्ध नव्हती. एखादा नियम सांगितला गेला म्हणून तो खरा ठरत नाही, आणि खरा असला तरी त्याला अपवाद असतात, हे तिला नोकरीने शिकवले होते. तिने वही घेतली. पुढचे चार दिवस ती बिलांवरचे, दुकानांच्या पाट्यांवरचे आणि लग्नपत्रिकांवरचे पत्ते उतरवत गावभर हिंडली. एकूण तेवीस खुणा मिळाल्या. त्यांतली प्रत्येक तिने स्वतः जाऊन पाहिली.

बावीस ठिकाणी काहीच नव्हते. म्हणजे तिथे कोंबड्यांचे खुराडे, टायर, मोकळी जमीन, कुणाचे तरी नवे घर असे काही ना काही होते. पण जिच्या नावाने पत्ता चाले ती गोष्ट नव्हती. तेविसावी खूण ती स्वतः होती.

आपण अपवाद आहोत, असा तिने निष्कर्ष काढला. तो तर्काला धरून होता. तेवीसमध्ये एक अपवाद ही काही मोठी गोष्ट नव्हे. शिवाय माणसांच्या सवयी बदलतात. कदाचित जुनी रीत मोडायला सुरुवातच तिच्यापासून झाली असेल. फक्त यादी पुन्हा वाचताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिला ती कुठल्याच रकान्यात बसवता येईना. तुर्काचे कापडदुकान. चिन्याची लॉन्ड्री. जर्मन डॉक्टर. इटालियन आइस्क्रीमवाला. गावात इतर अनेक गोष्टी गेल्या होत्या. पत्ते मात्र बहुतेक परक्यांवरून होते.

ती वही घेऊन डॉन एवेलियोंकडे गेली. या वेळी त्यांनी तिला बाहेर बसवले नाही, आत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"हा इटालियन," तिने बोट ठेवले. "हा तुम्हाला आठवतो?"

"आठवतो तर. नारळाचं आइस्क्रीम करायचा. आई मला त्याच्याकडं पाठवायची."

"आणि पत्ता त्याच्यावरून कधी सांगायला लागले? तो गेल्यावर?"

एवेलियोंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आम्ही त्याच्या गाडीशी आइस्क्रीम खात उभे असायचो," ते म्हणाले. "आणि वाट विचारणाऱ्याला सांगायचो, इटालियनापासून दोन चौक खाली. तो हसायचा. त्याला फार आवडायचं ते. तुमच्यासारखंच."

"मग?"

"मग पत्ता बरोबर झाला."

"म्हणजे काय झालं त्याला?"

"ते कुणी बघितलं नाही. एक दिवस मी वाटी घेऊन गेलो तर तिथं ऊन होतं." ते उठले. "तुम्ही विचारू नका आणि मी सांगणार नाही. मी मास्तर होतो, पाद्री नव्हे."

४

"तुम्ही हे बंद करा," मार्गो तोमासाला म्हणाली. खिडकीशी दोन बायका होत्या, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "माझ्यावरून पत्ता सांगू नका. पूर्वीसारखा मनोऱ्यावरून सांगा."

"अगं बाई! ऐका हो, कॅनडावाली रुसली." तोमासाने बायकांकडे पाहून डोळे मोठे केले. "मी काय एकटी सांगते का? वीजवाले सांगतात, पाववाली सांगते, फादरसुद्धा सांगतात. माझं एकटीचं तोंड बांधून काय होणार, राणी?"

"पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

"आता पहिल्यांदा कुणी शिंकलं हे कुणी लिहून ठेवतं का?"

बायका हसल्या. एकीने विचारले, "मनोरा तरी कुणाला माहीत आहे आता? आमच्या पोरींना विचारा. म्हणतात, कसला मनोरा? पत्तेपण झिजतात हो. नवा लागतोच."

"मग माझाच का?" मार्गो म्हणाली. तिला आपला आवाज थोडा चिरकल्याचे जाणवले. "तुमचं का नाही, तोमासा? तुम्ही इथं जन्मापासून आहात."

तोमासाने चीजचा तुकडा तागडीत ठेवला. ती रागावलेली दिसत नव्हती. समजुतीने बोलावे तशी ती बोलली.

"माझी चार मुलं आहेत, आठ नातवंडं आहेत. भाऊ आहे, तो तर भांडकुदळ. आमच्यातल्या कुणाचं असं केलं तर घराघरांत दावे लागतील. परक्या माणसाचं बरं असतं. लक्षात राहतं, आणि मागून कुणी भांडायला येत नाही." तिने कागदात चीज गुंडाळले. "आणि तुम्हालाच तर आमच्यातलं व्हायचं होतं ना? घ्या. आजचं चीज छान झालंय."

मार्गोने पुडी घेतली. आपण ती तिथेच भिरकावून द्यायला हवी होती, हे तिला घरी आल्यावर सुचले.

५

पुढच्या आठवड्यात जे घडले ते एकेक करून पाहिले तर क्षुल्लक होते. पाववालीच्या सायकलचा भोंगा दारासमोर न थांबता पुढे गेला. विजेचे बिल आले नाही. मिरेयने पाठवलेले पार्सल शहरातल्या टपाल कार्यालयात पडून राहिले. मार्गोने तिथे फोन केला तेव्हा तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "बाई, पत्ता अपुरा आहे. कॅनडावालीपासून किती वार, ते लिहिलेलं नाही."

"शून्य वार! मीच कॅनडावाली आहे!"

"शून्य असा पत्ता नसतो, बाई," तो म्हणाला. वर्गवारी केंद्रात एकतीस वर्षे काम केलेल्या मार्गोला त्याचे म्हणणे खोडता आले नाही.

मग घरातले आवाज बदलले. तिचे घर रस्ता आणि तळे यांच्यामध्ये होते: पुढे बैठकीची खोली, मग लांब बोळ, बोळाच्या एका अंगाला निजायची खोली आणि मागे परसू. सहा वर्षे निजायच्या खोलीत फक्त तळे ऐकू येई. आता तिथे रस्ताही ऐकू येऊ लागला. मधल्या भिंती असून नसल्यासारखा, तितक्याच स्पष्टपणे. कुणी थुंकले तरी कळे. तिने भिंतींवर हात फिरवून पाहिला. त्या जाड होत्या, थंड होत्या, जागच्या जागी होत्या. उन्हाळ्यात कोरड्या हवेत आवाज लांब जातो, असे तिने स्वतःला सांगितले.

गुरुवारी दुपारी जेवणानंतर ती पलंगावर आडवी झाली होती. झोप लागलेली नव्हती. याविषयी ती पुढेही ठाम होती. बोळातून दोन बायका चालत गेल्या. चपलांचा फटफट आवाज, घमेल्यातल्या पाण्याची डुचमळ, आणि उघड्या दाराबाहेरून, पलंगापासून हातभर अंतरावरून, दमलेला, रोजचा, कुणाचीही पर्वा नसलेला आवाज.

"इथून गेलं की तळं किती जवळ पडतं."

"तर काय. उगाच वळसा घालायचो इतके दिवस."

मार्गो उठून बोळात आली. पुढच्या दाराला आतून कडी होती. मागच्या दारालाही. फरशीवर, बोळाच्या मधोमध, पाण्याचे थेंब ओळीने पडले होते आणि एका थेंबात माशाचे एक खवल चमकत होते. तिने ते नखाने उचलले. ते बोटाला चिकटून बसले.

संध्याकाळी तिने खुर्ची बाहेर काढली. डॉन एवेलियो आधीच बसले होते. तिला पाहून त्यांनी खुर्ची किंचित वळवली.

"आज दुपारी माझ्या घरातून..." तिने सुरुवात केली.

"दोन्या मार्गो," ते ओठ फारसे न हलवता म्हणाले, "रागावू नका. पण तुम्ही इथं बसत जाऊ नका. लोक मला विचारायला लागलेत, मास्तर, तुम्ही कुणाशी बोलता?"

६

शुक्रवारी पहाटे तिने निर्णय घेतला, आणि तो घेताना तिचे डोके पूर्ण ताळ्यावर होते. गावाचा नियम मान्य केला तरी त्यात इतकेच म्हटले होते की जी खूण असते ती इथे नसते. कशी नसते, याबद्दल नियम काहीच म्हणत नव्हता. मरून नसणे आणि विमानात बसून नसणे यांत गावाला फरक करण्याचे कारण नव्हते. ती आपल्या पायांनी निघून गेली तर पत्ता बरोबर होणार होता, आणि ती जिवंत राहणार होती. एवढेच आता पणाला होते. गावाने आपले म्हणणे वगैरे इच्छा तिने त्याच वहीत, शेवटच्या पानावर, रेघ मारून खोडल्या.

"मी येते," तिने मिरेयला सांगितले. "उद्याच्या विमानाने."

"आई, काय झालं? तुझा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"उघड्यावर उभी असल्यासारखा. वारा किती आहे तिथं!"

मार्गो न्हाणीघरात होती. दार बंद होते, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती.

"नंतर बोलू," ती म्हणाली.

गुडघा आणि बॅग यांचा विचार करता बसच्या थांब्यापर्यंत चालणे शक्य नव्हते. गावातल्या रिक्षावाल्यांवर तिचा विश्वास उरला नव्हता. तिने मुद्दाम जिल्ह्याच्या गावातली टॅक्सी बोलावली. नोर्विन नावाचा तो ड्रायव्हर सान तादेओत यापूर्वी कधी आलेला नव्हता, आणि त्यामुळेच तिला तो हवा होता. पत्ता विचारल्यावर तिने क्षणभर विचार केला.

"कॅनडावालीचं घर विचारा. कुणीही दाखवील. पण तिथून पुढं कुठं जाऊ नका. तिथंच थांबा."

"तिथंच? बरं, काकू. उद्या दहाला येतो. बॅगा किती?"

"एकच," मार्गो म्हणाली. त्याच्या 'काकू'ने तिच्या डोळ्यांत पाणी आले.

७

शनिवारी दहाला पाच कमी असताना ती पुढच्या खोलीत बॅगेवर बसली होती. बाहेर गाडी आली. इंजिन थांबले. दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. मग हातातला फोन वाजला.

"काकू, आलो. पण तुम्ही कुठं आहात?"

"आतच आहे. दाराशी आहात ना? एकदा भोंगा वाजवा."

भोंगा वाजला. तो तिने फोनमधून ऐकला आणि त्याच क्षणी दारापलीकडूनही ऐकला. तिने उठून बॅग उचलली.

"बरोबर. अगदी माझ्या दारासमोर आहात. आलेच मी."

"दार कुठलं, काकू? लोकांनी इथंच आणून सोडलं मला. इथं मोकळं आहे सगळं. तळं दिसतंय की."

रस्त्यावरून तळे दिसत नाही, असे मार्गो म्हणणार होती. मध्ये माझे घर आहे. ते न म्हणता तिने कडी काढली आणि दार सताड उघडले.

निळी टॅक्सी चार हातांवर उभी होती. तिशीचा, पिवळ्या सदऱ्यातला एक माणूस फोन कानाशी धरून थेट तिच्याकडे बघत होता. त्याने डोळे बारीक केले होते, आणि उन्हात चकाकणारे पाणी पाहताना माणसे करतात तसा पंजा कपाळाशी आडवा धरला होता. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर होती आणि तिथे थांबत नव्हती.

"मी तुमच्यासमोर आहे," ती फोनमध्ये म्हणाली.

"आवाज तर जवळचा येतोय, काकू." तो हसला. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. "लपाछपी खेळताय काय माझ्याशी?"

"इकडे! नोर्विन, इकडे बघा!" हे तिने फोनमध्ये म्हटले नाही, मोठ्याने ओरडून म्हटले. बॅग सोडून तिने हात पुढे केला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले तेव्हा ते फरशीवर पडल्यासारखे वाटले नाही; पण कशावर पडले, हे पाहायला तिने मान खाली घातली नाही. तिला फक्त त्याची बाही पकडायची होती. डॉन एवेलियोंच्या खिडकीचा पडदा हलला आणि परत मिटला.

समोर तोमासा हात पुसत दुकानातून बाहेर आली.

"काय हवंय, बाळा?"

"एका बाईंना न्यायचंय, मावशी. कॅनडावालीचं घर म्हणाल्या. फोनवर आहेत, पण दिसत नाहीत कुठं."

"हेच ते," तोमासा म्हणाली. "कॅनडावाली इथंच. पण इथं कुणी राहत नाही. तुला कुठं जायचंय ते सांग, मी इथून मोजून देते."

"तोमासा!" मार्गो किंचाळली.

तोमासाने मान वर केली. तिने पाहिले. याबाबत शंकेला जागा नव्हती. ड्रायव्हरसारखी तिची नजर आरपार गेली नाही. ती मार्गोच्या डोळ्यांवर थांबली, तिथून बॅगेवर आली, बॅगेवरून बाहीजवळ पोचलेल्या बोटांवर आली आणि पुन्हा डोळ्यांवर गेली. त्या नजरेत वैर नव्हते. कुठले गिऱ्हाईक उद्यापासून येणार नाही, याची मनाशी नोंद घेतल्यासारखी ती शांत होती.

ड्रायव्हरने फोन कानापासून दूर धरला. त्यातून चिरका आवाज येत होता. त्याने बटण दाबले आणि तो बंद झाला.

"चेष्टा केली कुणीतरी," तो म्हणाला. "पण जागा झकास आहे, मावशी. घर होतं का इथं? जाऊन किती दिवस झाले?"

तोमासाने क्षणभर बोटांवर हिशेब केला, आणि मार्गोवरची नजर न हलवता म्हणाली, "आजपासूनच धर."